९६ बीपीएमला झकास वाजणारा ड्रम पॅटर्न ६६, १३२ आणि १७० ला का फसतो?

सोळास्टेप:

मंडळी, कीबोर्ड वर्कस्टेशनच्या सिक्वेन्सरवर एका बारचा, ४/४ चा पॅटर्न बांधला आहे. रिझोल्यूशन एका बीटला ४८० टिक (काळाचे बारीक तुकडे), ग्रिड सिक्स्टीन्थचं (पाव बीटचं), म्हणजे बारमध्ये १६ स्टेप. मांडणी अशी:

किक: १, ८, ११
स्नेअर: ५, १३, व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) ११२
घोस्ट स्नेअर (अगदी हलके ठोके): १०, १२, १६, व्हेलॉसिटी ३०
बंद हॅट (हाय-हॅट झांज): १५ सोडून सगळ्या स्टेपवर, ९०-५०-७०-५० अशा चढउतारानं
उघडी हॅट: १५

सिक्स्टीन्थवर ५८ टक्के स्विंग (जोडीतली दुसरी नोट जरा उशिरा). १३ व्या स्टेपच्या स्नेअरला फ्लॅम आहे, ग्रेस नोट (आधीचा हलका ठोका) मुख्य ठोक्याच्या २४ टिक आधी.

९६ बीपीएमला (मिनिटाला ९६ बीट) हे मस्त चालतं. टेंपो १३२ केला की हॅट शिलाई मशिनसारखी होते आणि स्नेअरच्या आजूबाजूला नुसती गर्दी. ६६ ला उलटं: फ्लॅमचे दोन सुटे ठोके ऐकू येतात आणि मधल्या जागा ओस पडतात. १७० ला तर पॅटर्न ओळखूही येत नाही. टेंपो सोडून दुसरं काहीही बदललेलं नाही. प्रत्येक टेंपोला वेगळा पॅटर्न बांधावाच लागतो का, आणि लागत असेल तर नेमकं काय, किती बदलायचं?

ठेकाठोक:

वेगळाच बांधावा लागतो, पण शून्यापासून नाही.

सिक्वेन्सर टिक मोजतो, कान मिलिसेकंद मोजतो. टेंपो बदलला की टिक तेवढेच राहतात आणि मिलिसेकंद बदलतात. तुमच्या पॅटर्नमधल्या काही गोष्टी टेंपोबरोबर ताणल्या गेल्या पाहिजेत (किक आणि स्नेअरच्या जागा), आणि काही मिलिसेकंदात होत्या तेवढ्याच राहिल्या पाहिजेत (फ्लॅम, स्नेअरचं रेंगाळणं). टेंपोचं बटण दोन्हींना एकाच मापानं ताणतं, म्हणून घोळ.

४८० टिकच्या यंत्रावर हिशेब सोपा आहे: १२५ भागिले बीपीएम म्हणजे एका टिकचे मिलिसेकंद. उलटं हवं असेल तर मिलिसेकंद गुणिले बीपीएम भागिले १२५ म्हणजे टिक. तुमच्या चार टेंपोंना:

६६: एक टिक १.८९ मिलिसेकंद, एक सिक्स्टीन्थ २२७
९६: १.३० आणि १५६
१३२: ०.९५ आणि ११४
१७०: ०.७४ आणि ८८

आता फ्लॅम बघा. २४ टिक म्हणजे ९६ ला ३१ मिलिसेकंद, तेही जरा सैलच. ६६ ला तेच ४५ होतात, आणि एवढं अंतर पडलं की कान सरळ दोन ठोके मोजतो. १७० ला ते १८ वर येतात आणि फ्लॅमऐवजी एकच जाडसर स्नेअर ऐकू येतो. २६ मिलिसेकंद धरून चाला: ६६ ला १४ टिक, ९६ ला २०, १३२ ला २७, १७० ला ३५. स्टेप रेकॉर्डिंगमध्ये हे टाकता येत नाही, इव्हेंट लिस्ट उघडावी लागते. तुमची १३ वी स्टेप म्हणजे बीट ४ चा टिक ०, म्हणून ग्रेस नोट बीट ३ वर अनुक्रमे टिक ४६६, ४६०, ४५३ आणि ४४५ ला जाईल. व्हेलॉसिटी ४० ते ५०. किटमध्ये दुसरा स्नेअर किंवा डाव्या हाताचा सॅम्पल असेल तर ग्रेस नोट त्या कीवर द्या. तोच सॅम्पल दोनदा लागोपाठ वाजला की ठोका प्लास्टिकचा लागतो.

एक सावधगिरी. फ्लॅम टाकून झाल्यावर पूर्ण ट्रॅकवर १०० टक्के क्वांटाइझ (नोटा ग्रिडवर ओढणं) मारलंत तर ग्रेस नोट मुख्य ठोक्यावर जाऊन बसते. मग फ्लॅम गायब आणि स्नेअर उगाच मोठा. म्हणून फ्लॅम सगळ्यात शेवटी, नाहीतर वेगळ्या ट्रॅकवर.

तुमची १३२ ची गर्दीसुद्धा इथूनच येते. १२ व्या स्टेपचा घोस्ट ५८ टक्के स्विंगमुळे बीट ३ च्या टिक ३७९ वर बसलाय. त्यानंतर ४५३ ला ग्रेस नोट आणि पुढच्या बीटवर मुख्य स्नेअर. १३२ ला ही तीन ठोक्यांची मालगाडी ९६ मिलिसेकंदात संपते. कान तिला रफ (तीन ठोक्यांचा एकच झटका) म्हणून ऐकतो, घोस्ट आणि फ्लॅम म्हणून नाही. १२ चा घोस्ट उडवा.

स्विंगचंही तसंच. ५८ टक्के म्हणजे दोन सिक्स्टीन्थच्या जोडीत पहिली ५८, दुसरी ४२. ९६ ला ती दुसरी नोट १३१ मिलिसेकंदांची होते, १३२ ला ९५ ची, १७० ला ७४ ची. जॅझ ड्रमरांचं राइड झांजेवरचं वादन मोजून फ्रिबर्ग आणि सुंडस्ट्रोम यांनी २००२ मध्ये दाखवलं की टेंपो वाढेल तसा स्विंग सपाट होत जातो, कारण ती छोटी नोट साधारण १०० मिलिसेकंदांच्या खाली फारशी जात नाही. हाच आकडा खालची हद्द माना. १३२ ला ५६ टक्क्यांवर छोटी नोट बरोबर १०० वर येते, म्हणून त्यापलीकडे जाऊ नका. १७० ला सरळ वाजणारी सिक्स्टीन्थच ८८ ची आहे, तिथे सिक्स्टीन्थला स्विंग द्यायचाच नाही. ६६ ला उलट मोकळीक आहे, ६० ते ६२ टक्के बिनधास्त द्या, तिथे ५८ आळशी वाटतो.

घोस्टनोट:

वरचं गणित बरोबर आहे. पण नुसते टिक सरकवून १३२ सुधारणार नाही, नोटा कमी कराव्या लागतील.

हॅट आधी. एका हाताने सलग सिक्स्टीन्थ आरामात वाजवायची मर्यादा साधारण ११५-१२० च्या आसपास येते. त्यावर ड्रमर दोन हात लावतो, आणि दोन हात लावले की बीट २ आणि ४ वर उजवा हात स्नेअरकडे जातो. म्हणजे ५ आणि १३ वर हॅट वाजूच शकत नाही. तुमच्या पॅटर्नमध्ये ती वाजते, शिवाय प्रत्येक सम स्टेपवर ५० चा तोच ठोका. कानाला हे लगेच खोटं वाटतं. १३२ साठी ५ आणि १३ वरची हॅट काढा. उजव्या हाताच्या, म्हणजे विषम स्टेप ७८ ते ९० मध्ये ठेवा, डाव्या हाताच्या सम स्टेप ४० ते ५५ मध्ये, आणि लागोपाठच्या दोन सम स्टेप एकाच आकड्यावर ठेवू नका. किटमध्ये हॅटचे दोन सॅम्पल असतील तर सम स्टेप दुसऱ्या कीवर टाका. एवढ्याने मशीनगन निम्मी थांबते.

किक ८ वरून ७ वर आणा. १३२ ला ८ वरची किक ऐकणाऱ्याला घाईत पडल्यासारखी वाटते, ७ ही एट्थची (अर्ध्या बीटची) जागा आहे, तिथे ती पाय रोवून उभी राहते. घोस्टमधला फक्त १० ठेवा. १६ चा घोस्ट पुढच्या बारच्या समेवरच्या किकला चिकटतो.

घोस्टच्या व्हेलॉसिटीबद्दल एक. किटच्या स्नेअरला दोन-तीन व्हेलॉसिटी लेयर असतात आणि ते कुठे बदलतात हे प्रत्येक किटमध्ये वेगळं. ती की २० पासून पाच-पाचने चढवत एकदा वाजवून बघा. सॅम्पल बदलतो तो आकडा लिहून ठेवा आणि घोस्ट त्याच्या किमान दहा खाली ठेवा. नाहीतर व्हेलॉसिटी जरा वाढवली की घोस्ट अचानक कडक ठोका होऊन बसतो.

६६ ला काम उलटं, तिथे जागा भरायची असते, पण मोजून. ६६ ची थर्टी-सेकंड म्हणजे ११४ मिलिसेकंद, १३२ च्या सिक्स्टीन्थइतकीच, त्यामुळे ती घाईची वाटत नाही. ८ व्या स्टेपवर हॅटचे दोन थर्टी-सेकंड टाका, ६० आणि ४२. तुमचे तिन्ही घोस्ट राहू द्या, पण त्यांच्यात फरक करा: १० वर २६, १२ वर ३६, १६ वर २२. हळू टेंपोला प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, म्हणून सारख्या व्हेलॉसिटी १३२ पेक्षा ६६ ला जास्त उघड्या पडतात. स्नेअर १० ते १५ मिलिसेकंद मागे ढकला, म्हणजे ६६ ला ६ ते ८ टिक. फ्लॅम ठेवणार असाल तर ग्रेस नोटही बरोबरीने मागे न्या.

१७० बद्दल माझं मत स्पष्ट आहे: हा पॅटर्न १७० ला आणूच नका. दोन वाटा आहेत. एक, खरा वेगवान ठेका: हॅट फक्त विषम स्टेपवर, जोर १, ५, ९, १३ वर. किक १ आणि ११, स्नेअर ५ आणि १३, घोस्ट शून्य. दुसरी वाट हाफ-टाइम: तुमचा एक बार दोन बारवर पसरवा. सूत्र, जुनी स्टेप गुणिले २ वजा १. ३२ स्टेपच्या पॅटर्नमध्ये किक १, १५, २१ वर जाते आणि स्नेअर ९, २५ वर. ऐकायला हे ८५ चं वाटतं, ९६ च्या बरंच जवळ. घोस्टही चालतात आणि ५८ टक्के स्विंगही चालतो, फक्त तो आता सिक्स्टीन्थऐवजी एट्थला द्यायचा.

लूपवाला:

एवढा उपद्व्याप कशाला? एकच पॅटर्न ठेवा, ह्युमनाइझ (यंत्राने आपोआप दिलेला यादृच्छिक फरक) लावा, टाइमिंग ±१० टिक, व्हेलॉसिटी ±१५. सगळ्या टेंपोला चालतं.

ठेकाठोक:

±१० टिक म्हणजे ६६ ला ±१९ मिलिसेकंद आणि १७० ला ±७. पुन्हा तोच प्रश्न, या वेळी नशिबाच्या भरवशावर. हळू टेंपोला किक आणि हॅट एकाच बीटवर एकमेकांपासून ३८ मिलिसेकंदांपर्यंत फाकू शकतात, आणि ते कोणालाही माणसाचं वाजवणं वाटणार नाही.

ड्रमर कधी पुढे-मागे जातो ते यादृच्छिक नसतं. स्नेअर सातत्याने थोडा मागे, हॅट सातत्याने थोडी पुढे, असा कल असतो. तो हाताने द्या. ह्युमनाइझ फक्त हॅटवर लावा, टाइमिंग ±३ मिलिसेकंदांएवढे टिक, व्हेलॉसिटी ±६. किक आणि स्नेअरला ते लावू नका.

हॅट पुढे ओढताना एक खड्डा आहे. पहिल्या स्टेपची हॅट टिक ० च्या आधी गेली की ती बारच्या बाहेर पडते. बरेच सिक्वेन्सर तिला लूपच्या शेवटी नेऊन ठेवतात: पहिल्या फेरीत ती वाजत नाही आणि पॅटर्न बदलताना चुकीच्या जागी वाजते. म्हणून हॅट जागेवरच ठेवा आणि किक-स्नेअर मागे सरकवा. अंतर तेच मिळतं.

गेटटाइम:

नोटांवर बरंच बोलून झालं, आवाजावर कोणी बोललं नाही. अर्धी गर्दी डिकेमुळे (आवाज विरायला लागणाऱ्या वेळामुळे) असते.

वर्कस्टेशनच्या किटमधल्या किकची शेपटी सहज ३०० ते ४०० मिलिसेकंदांची असते. ६६ ला ते छान, तेवढीच पोकळी भरते. १७० ला एट्थच १७६ ची, म्हणजे पहिल्या किकची शेपटी संपायच्या आत दुसरी येते आणि खालचा पट्टा चिखल होतो. किट एडिटमध्ये त्या एकाच कीचा डिके कमी करा, १५० ते १८० पर्यंत. त्याच कीला सिंगल ट्रिगर असेल तर तोही चालू करा, म्हणजे नवा ठोका जुन्याला तोडेल. मूळ किट प्रीसेट असतं, बदल यूझर जागेत सेव्ह करा, नाहीतर यंत्र बंद केल्यावर सगळं गेलं.

उघडी हॅट: तुमच्या पॅटर्नमध्ये ती १५ वर उघडते आणि १६ ला बंद हॅट तिला तोडते. म्हणजे स्विंग न धरता ९६ ला १५६ मिलिसेकंद उघडी, पण १७० ला जेमतेम ८८. तेवढ्यात हॅट उघडल्याचं कळतच नाही, नुसता खरखराट येतो. १३२ पासून वर १६ ची बंद हॅट काढा आणि उघडीला पुढच्या बारच्या १ पर्यंत वाजू द्या. तोडणंच होत नसेल तर दोन्ही हॅट एका गटात आहेत का ते बघा: कॉर्गवर एक्सक्लुसिव्ह ग्रुप, यामाहावर ऑल्टरनेट ग्रुप, रोलँडवर म्यूट ग्रुप. जीएमच्या (जनरल मिडी) मांडणीत बंद ४२, पायाची ४४, उघडी ४६, तिघी एकाच गटात हव्यात. किट बदलताना कीच्या नावावर जाऊ नका, नोट नंबर बघा. किकची ३६ नंबरची नोट यामाहावर सी १ दिसते आणि कॉर्ग-रोलँडवर सी २.

रिव्हर्ब: एका स्नेअरपासून दुसऱ्यापर्यंत दोन बीट. ६६ ला ते १८१८ मिलिसेकंद, १७० ला ७०६. शेपटी पुढच्या स्नेअरच्या आत विरायला हवी, म्हणून ६६ ला १.६ सेकंदांपर्यंत चालेल, १७० ला ०.६ च्या वर नको. प्री-डिले (रिव्हर्ब सुरू व्हायच्या आधीचं अंतर) ६६ ला ३० मिलिसेकंद, १७० ला १० च्या आसपास.

सोळास्टेप:

१२ चा घोस्ट काढून, ५-१३ ची हॅट काढून १३२ ऐकलं, गर्दी गेली. दोन शंका राहिल्या. माझ्या यंत्रावर स्विंग ० ते १०० असा दिसतो, ५० ते ७५ नाही. मग ५८ म्हणजे नक्की किती हे कसं ओळखायचं? आधी मी अंदाजाने लावला होता. दुसरं, ६/८ चा पॅटर्न करायचा आहे. ठेका मोठ्या दोन बीटवर मोजला तर मिनिटाला ६० हवा आहे, पण ६० लावलं तर फारच रेंगाळतो.

ठेकाठोक:

५० ते ७५ ही अकाईच्या एमपीसी या सॅम्पलर-सिक्वेन्सरवरची मोजपट्टी. तिथे ५० म्हणजे सरळ आणि ६६.७ म्हणजे ट्रिपलेट. ० ते १०० वाल्या यंत्रांत ० म्हणजे सरळ एवढं पक्कं, १०० कुठे पोचतो ते यंत्रागणिक बदलतं. अंदाज कशाला करायचा? रिकाम्या ट्रॅकवर १६ सरळ सिक्स्टीन्थ टाका, स्विंग लावून क्वांटाइझ करा, इव्हेंट लिस्टमध्ये दुसऱ्या नोटेचा टिक वाचा. १२० असेल तर सरळ, १३० म्हणजे ५४ टक्के, १३४ म्हणजे ५६, १३९ म्हणजे ५८, १४४ म्हणजे ६०, १६० म्हणजे ट्रिपलेट. प्रत्येकासाठी तुमच्या यंत्रावरचा आकडा एकदा शोधून ठेवा, पुन्हा बघावं लागत नाही. स्विंग वाजवतानाच लागत असेल, नोटा हलवत नसेल, तर लिस्टमध्ये १२० च दिसत राहील. तसं असेल तर तो इफेक्ट आधी नोटांवर कायमचा लावा आणि मग वाचा.

हाफ-टाइममध्ये एट्थला ५८ टक्के म्हणजे दुसरी एट्थ २४० ऐवजी २७८ वर.

घोस्टनोट:

६/८ चं उत्तर: तुमचं यंत्र बहुतेक क्वार्टर मोजतंय, तुम्ही डॉटेड क्वार्टर मोजताय. दीडपट करा, ६० साठी ९० लावा. एक मोठी बीट ७२० टिकची, पूर्ण बार १४४० टिकचा, सिक्स्टीन्थच्या ग्रिडवर १२ स्टेप. किक १, स्नेअर ७, हॅट १, ३, ५, ७, ९, ११, जोर १ आणि ७ वर. घोस्ट टाकायचा तर ६ किंवा १२ वर, दोन्हीवर नको. स्विंग बंदच ठेवा, ट्रिपलेटची चाल ६/८ मध्ये आधीच आहे, वरून स्विंग दिला तर ठेका लंगडतो. टिकचं सूत्र तेच, पण त्यात पडद्यावरचे ९० घालायचे, मनातले ६० नाही: १२५ भागिले ९०, म्हणजे १.३९ मिलिसेकंद. २६ मिलिसेकंदांचा फ्लॅम इथे १९ टिक.

आणि मेट्रोनोम एट्थवर लावून रेकॉर्ड करा. क्वार्टरवर ठेवलात तर तो बारमध्ये तीनदा वाजतो आणि हात नकळत ३/४ कडे जातो.

गेटटाइम:

टेंपोसिंक डिले वापरत असाल तर तोही बघा. क्वार्टरवर लावलेला डिले ९० ला ६६७ मिलिसेकंदांवर पडेल, आणि ६/८ मध्ये ते दोन मोठ्या बीटच्या मध्ये, तिसऱ्या एट्थवर. डॉटेड क्वार्टर निवडला तर बरोबर १००० येतो. काही यंत्रांत टेंपोसिंकची डिले-मर्यादा एक सेकंदापाशी संपते आणि तिथे यंत्र न विचारता अर्धी व्हॅल्यू लावतं. म्हणून आकडा न बघता कानाने तपासा: स्नेअरचा एकच ठोका वाजवून डिलेचा परतीचा ठोका किकवर पडतो का ते ऐका.